आलेखाचं शेपूट

आमच्या प्रयोगशाळेला खिडकी नाही. ती तळघरात आहे आणि तिथं मुद्दाम अंधार ठेवलेला असतो. आम्ही जो प्रकाश मोजतो तो इतका मंद असतो की दाराच्या फटीतून आलेला उजेडसुद्धा त्याला गिळून टाकतो. मी इथं पीएच.डी. करते. सकाळी जे. पी. नगरहून मेट्रोनं येते, जिना उतरते, आणि मग संध्याकाळपर्यंत बाहेर पाऊस आहे की ऊन हे मला कुणीतरी सांगावं लागतं. मी स्वतःहून विचारत नाही. मी फारसं काहीच स्वतःहून विचारत नाही.

या अंधारात माझ्याशी मराठीत बोलणारं एकच माणूस होतं. ती बेळगावची. माझ्याहून वयानं मोठी, पीएच.डी. कधीच संपलेली, आता पोस्टडॉक, म्हणजे पुढची कायमची नोकरी मिळेपर्यंतची संशोधक. मी तिला अक्का म्हणायचे, कारण आमच्या घरात मोठ्या मुलीला अक्काच म्हणतात. आमचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्यांपासून आहे की आमच्या मराठीत कानडी कुठं सुरू होतं ते आम्हालाही कळत नाही. पहिल्या आठवड्यात मी तिला मॅडम म्हटलं होतं.

"मॅडम म्हणालीस तर चहा बंद," ती म्हणाली. "आणि हे काय बोलालीस तू? 'स्वल्प थांबा'? तुमचं मराठी चारशे वर्षं बरणीत मुरलंय वाटतं."

मी हसले नाही. मला वाटलं, ती चिडली आहे. नंतर कळलं की तिला ते आवडलं होतं.

शाळेत मी मराठी कधीच शिकले नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची. देवनागरी वाचायला आलं ते हिंदीच्या तासामुळे. तरीही हे मराठीत लिहिते आहे, कारण जे झालं ते मराठीत झालं.

आमचा प्रयोग सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. नखापेक्षा लहान अशी एक चकती असते. तिच्या आत एकमेकांसमोर दोन आरसे. ती खूप थंड करायची आणि तिच्यावर लेझरचा झोत सोडायचा. आरशांमध्ये अडकलेला प्रकाश चकतीतल्या पदार्थाशी इतका एकजीव होतो की त्याला धड प्रकाशही म्हणता येत नाही आणि धड पदार्थही. झोत पुरेसा वाढवला की या मिश्रणाचे सगळे कण एकाच लयीत येतात. त्याला कंडेन्सेट म्हणतात. पण आरसे गळके असतात. कण जन्मतात आणि लगेच प्रकाश होऊन बाहेर निघून जातात, म्हणून लेझर सतत चालू ठेवावा लागतो. अक्का म्हणायची, तळाला भोक असलेली बादली नळाखाली धरून भरलेली ठेवायची, तसं आपलं काम. जे गळतं तेच आम्ही मोजतो. आत काय आहे ते दुसऱ्या कुठल्या वाटेनं कळत नाही.

प्रश्न असा होता: हे कंडेन्सेट एखाद्या पातळ चादरीसारखं सपाट पसरलेलं असतं. चादरीच्या एका टोकाची लय दुसऱ्या टोकाशी किती जुळते? शांत, न गळणाऱ्या चादरीबद्दल याचं उत्तर पुष्कळ आधीपासून माहीत आहे. अंतर वाढेल तशी जुळणी हळूहळू कमी होते. पण जी सतत गळते आणि सतत भरली जाते, तिचं काय? त्यावर जगभर वाद आहेत.

ते मोजायची रीत अशी. बाहेर आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रती करायच्या. दोन वेगळ्या वाटांनी न्यायच्या, एक प्रत उलटी करायची आणि पुन्हा एकमेकींवर टाकायच्या. मग मधला बिंदू स्वतःवर पडतो आणि डावीकडचा उजवीकडच्यावर. दोन बिंदूंची लय जुळत असेल तर तिथं काळे-पांढरे पट्टे दिसतात. एका वाटेतला आरसा अगदी किंचित पुढेमागे सरकवला की कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका उजळतो, मंदावतो, पुन्हा उजळतो. प्रोग्रॅम त्या चढउतारावर एक लाट बसवतो. लाट जितकी उंच तितकी जुळणी जास्त. मध्यापासून कडेपर्यंत या उंचीचा आलेख काढायचा.

अक्काच्या आलेखाला शेपूट होतं. मध्यापासून खाली उतरत आलेली रेघ कडेजवळ पोचल्यावर शून्याकडे जायच्या ऐवजी सपाट व्हायची. म्हणजे फार दूरचे बिंदूही थोडेसे जुळून राहत होते. असं कुणाला दिसलं नव्हतं. त्यावर पेपर लिहून झाला होता आणि तो परीक्षकांकडे गेला होता. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. आणि त्या शेपटावर धारवाडच्या एका संस्थेनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं. मुलाखत म्हणजे तासभराचं भाषण, मग प्रश्न.

धारवाड तिच्यासाठी काय होतं ते मला माहीत होतं, कारण ती ते लपवत नसे. तिचा नवरा बेळगावात औषधांचं दुकान चालवायचा. मुलगी आजीआजोबांकडे, पहिलीत. अक्का शुक्रवारच्या बसनं जायची आणि सोमवारी तिथूनच थेट प्रयोगशाळेत यायची, डोळे सुजलेले, हातात लोणच्याची किंवा कुंद्याची पिशवी. धारवाडहून बेळगाव रोज जाऊन-येऊन करता येतं.

"पोरगी मला व्हिडिओवर 'आंटी' म्हणाली काल," एकदा तिनं चहा ढवळता ढवळता सांगितलं. "मस्करीत म्हणाली. तरी बघ."

मी साखरेचा डबा तिच्याकडे सरकवला. काय बोलायचं ते मला अशा वेळी सुचत नाही.

मुलाखत दसऱ्याच्या आठवड्यातच होती. नवमीला इथं सगळीकडे आयुधपूजा असते. रिक्षा, बस, लेथ, संगणक, सगळ्याला फुलं आणि कुंकू. अक्का तिला खंडेनवमी म्हणायची. आमच्याकडेही लेझरला हळदकुंकू लागतं, दाराबाहेर कोहळा फोडतात आणि आमचे मार्गदर्शक सर स्वतः कडलेपुरी वाटतात, म्हणजे चुरमुरे आणि फुटाणे. त्या दिवशी यंत्र चालवायचं नाही असा नियम आहे. तो कुणी केला माहीत नाही, पण भौतिकशास्त्राचे सगळे नियम तपासून बघणारी माणसं हा नियम तपासत नाहीत.

अक्कानं फाटकाजवळच्या बाईकडून सेवंतीची माळ आणली होती. लेझरला वाहून झाल्यावर तुकडा उरला. दोन वाटांचे आरसे काळ्या पत्र्याच्या एका पेटीत असतात. तिनं पेटीचं झाकण उघडलं.

"अक्का, आत नको."

"का नको? यंत्राची पूजा करायची आणि राबणाऱ्या आरशाला फूल नाही? मागच्या बाजूनं खांबाला अडकवालेय, बघ. झोताच्या वाटेत कुठं येतंय?"

"सर बघतील."

"सर फुटाणे वेचून खाण्यात दंग आहेत." तिनं माळ अडकवली, हात जोडले आणि मला म्हणाली, "तूही माग की काहीतरी. फुकट आहे."

मी हात जोडले. काही मागितलं नाही.

सुट्टीनंतर मी सगळ्यांच्या आधी आले. चकती थंडच होती. मोजणी आपोआप चालते. मी ती सुरू केली आणि वर चहाला गेले. परत आले तेव्हा पडद्यावर पट्टे नव्हते. नुसता एक गोल उजेड होता. मी पेटी उघडली. माळ सुकून सैल पडली होती आणि खांबावरून घसरून एका वाटेत आडवी लोंबत होती. एक वाट पूर्ण बंद. म्हणजे प्रकाशाची एकच प्रत कॅमेऱ्यापर्यंत पोचत होती आणि तिला जुळायला समोर कुणी नव्हतं.

मी माळ काढली. फाइल पुसून टाकण्याआधी सवयीनं आलेख बघितला. प्रोग्रॅमनं तो काढून ठेवलाच होता. मध्यावर काही नाही, जवळजवळ शून्य; तसंच असायला हवं होतं. पण रेघ कडेकडे जाताना वर उचलली गेली होती आणि कडेला सपाट झाली होती.

तिथं शेपूट होतं.

मी जुना आलेख त्याच्यावर ठेवला. दोन्ही शेपटं जवळजवळ एकाच उंचीवर होती.

मग मी एक काळा पुठ्ठा कापला, तीच वाट मुद्दाम बंद केली आणि पुन्हा मोजणी केली. तेच. दुसरी वाट बंद केली. तेच. का, ते कळायला वेळ लागला नाही. कडेला प्रकाश फार थोडा असतो. तिथले ठिपके कॅमेऱ्याच्या खरखरीमुळे उगाचच थरथरतात. प्रोग्रॅमला लाट शोधायला सांगितलेली असते, म्हणून तो थरथरीतही लाट शोधतो, आणि लाटेची उंची कधी ऋण नसते. त्यामुळे सरासरी शून्य येतच नाही. जिथं काहीच नाही तिथंही थोडं काहीतरी आहे असं उत्तर येतं. तो प्रोग्रॅम अक्कानं तिच्या पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी लिहिला होता, भरपूर प्रकाश असलेल्या मोजणीसाठी, आणि त्या कामाला तो बरोबर होता. पुढं सगळ्यांनी तोच वापरला. मीही. एक वाट बंद करून बघायचं कुणाला सुचलं नाही, कारण एक वाट बंद करून जुळणी कोण मोजतं?

मला वाईट वाटलं, असं इथं लिहायला हवं. मला काहीच वाटलं नाही. मी पुठ्ठ्याचे कातरलेले तुकडे गोळा करून टोपलीत टाकले. संध्याकाळी घरी गेले. आईनं अव्वलक्की केली होती, म्हणजे पोहे, ते खाल्ले. भावानं बेळ्ळंदूरच्या ट्रॅफिकबद्दल नेहमीचं सगळं सांगितलं आणि मी नेहमीच्या जागी मान हलवली. अक्काचं भाषण तीन दिवसांवर होतं. न सांगता राहता येईल का, असं मी मनात एकदा म्हणून बघितलं. ते वाक्यही इतर वाक्यांसारखंच होतं, त्यानंही काही वाटलं नाही.

सकाळी ती टेबलाशी बसून भाषणाची तयारी करत होती. पडद्यावर शेपटाचा आलेख होता, शेपूट लाल रंगात.

"लाल बरं दिसतं का निळं?" तिनं मागं न बघता विचारलं.

"अक्का, एक वाट बंद केली तरी ते येतं."

"काय येतं?"

"शेपूट."

ती हसली. "तुझ्या डोक्यात खंडेनवमीचं फूल अडकलंय."

"फूल पेटीत अडकलं होतं. वाटेत पडलं होतं. मग मी पुठ्ठा लावूनही बघितलं."

ती वळली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. माझ्या तोंडावर काही दिसत नाही असं सगळे म्हणतात. तिनं तरीही बराच वेळ बघितलं. मग उठली, पुठ्ठा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः लावला. मोजणी संपेपर्यंत आम्ही दोघी अंधारात उभ्या होतो. चकती थंड ठेवणाऱ्या क्रायोस्टॅटचा पंप खट्-खट् करत होता. आलेख आला. तिनं खुर्ची ओढली आणि प्रोग्रॅम उघडला, ओळी वर-खाली करत एका ओळीवर थांबली.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली. "हॉस्टेलात बसून. परीक्षा होती दुसऱ्या दिवशी."

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तू कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"सरांना?"

"नाही."

"मग परवापर्यंत सांगू नको." आवाज नेहमीसारखाच होता. "परवा माझं भाषण होऊंदे. मग मीच सांगते. मी सांगालेय ना तुला, मीच सांगते."

"सरी," मी म्हटलं. म्हणजे बरं. तिला हा शब्द माझ्या तोंडून आला की नेहमी गंमत वाटायची. या वेळी नाही वाटली.

"परवा तिथं काय सांगणार?" हे मी विचारलं. विचारल्यावर माझं मलाच नवल वाटलं.

"तू बघितलं नसतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. मग लगेच, "नाही. तसं नाही. जा, चहा घेऊन ये. आलं घाल म्हणावं."

मी चहा आणला तेव्हा ती गेली होती. संगणक चालू होता. लाल शेपूट पडद्यावर तसंच होतं. मी तिचाही कप प्यायले.

भाषणाच्या दिवशी मी दुसरं काम केलं, आरसे पुसले. दुपारी तिचा संदेश आला नाही. संध्याकाळीही नाही. सोमवारी ती बसमधून उतरून थेट आली. पिशवी नव्हती.

"कापला," ती म्हणाली.

"काय?"

"आलेख. जिथपर्यंत खरा आहे तिथपर्यंतच दाखवला. अर्धा." ती पर्स खांद्यावरून न काढताच बसली. "मागच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले, तुमच्या सारांशात तर लांबच्या अंतराबद्दल लिहिलंय, तिथं काय होतं? मी म्हणाले, अजून माहीत नाही. मागच्या आठवड्यात माहीत होतं, या आठवड्यात नाही. सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी विचारलं, का नाही? मग सांगितलं. पुठ्ठ्यासकट."

"फुलाबद्दल?"

"फुलाबद्दल कशाला सांगू? वेडी आहेस काय?"

नंतर ती सरांच्या खोलीत गेली. दार बंद होतं, पण काच आहे. सर आधी उभे होते, मग बसले, मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाहेर आल्यावर अक्का म्हणाली, "म्हणतात, बरं झालं, आपलं आपल्यालाच सापडलं. पेपर परत घ्यायचा." सर मला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा नेहमीपेक्षा थोडे जास्त थांबले, "ऊट आयता?" म्हणजे जेवलीस का, असं विचारलं आणि पुढं गेले.

धारवाडचं उत्तर यायला महिना लागला. ती प्रयोगशाळेत असतानाच आलं. तिनं फोन वाचला, पालथा ठेवला आणि म्हणाली, "नाही."

ते शेपटामुळे की दुसरा उमेदवार बरा होता म्हणून, हे आम्हाला कधी कळलं नाही. अशा पत्रात कारण नसतं. मी तिला सॉरी म्हटलं. आमच्या मराठीत त्याला दुसरा शब्द आहे का हे मला तेव्हा आठवेना, अजूनही नीट माहीत नाही.

"तू कशाला सॉरी?" ती म्हणाली. थोड्या वेळानं: "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते. तुझ्याशी भांडता येत नाही. भिंतीशी कोण भांडतंय?"

ती मला लागावं म्हणून बोलली की सहज, हे मी त्या वेळी ठरवू शकले नाही. घरी येताना मेट्रोत मी त्याचा विचार करत होते. समोरच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. भिंत म्हणण्यासारखं होतं खरं.

मार्चमध्ये तिनं पोस्टडॉक सोडली. बेळगावात एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली. तिथं प्रयोगशाळा म्हणजे दोलक, भिंग आणि मीटरपट्टी. निघायच्या दिवशी सरांनी केक आणला. तिनं सगळ्यांना मिठी मारली. माझ्याजवळ आली तेव्हा मी हात पुढं केला आणि तिनं तो दोन्ही हातांत धरून जोरात हलवला, हातपंप मारतात तसा.

"प्रोग्रॅम दुरुस्त कर," ती म्हणाली. "माझं नाव काढू नको त्याच्यातून. राहूंदे."

तो मी दुरुस्त केला. आता प्रत्येक मोजणीआधी एक वाट बंद करून खरखरीची उंची काढायची आणि ती वजा करायची. वर तिच्या नावाची ओळ आहे, खाली माझी. नवीन मोजणीला सगळा उन्हाळा लागला. प्रयोगशाळेत आता सगळे इंग्रजीत बोलतात, थोडं कानडीत. मला अडत नाही. मी आधीही कमीच बोलायचे.

जूनमध्ये खरा आलेख आला. शेपूट नाही. रेघ उतरते, अपेक्षेपेक्षा जरा लवकर, आणि मग खरखरीत बुडून दिसेनाशी होते. तिथून पुढं काय होतं ते आमच्या कॅमेऱ्याला दिसत नाही. सर म्हणाले, हे छापण्यासारखं आहे. फार मोठं नाही, पण खरं आहे. पेपरवर तिचंही नाव ठेवायचं ठरलं. म्हणून मी तिला आलेख पाठवला. खाली काय लिहावं ते सुचेना, म्हणून काही लिहिलं नाही.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं.

"बघितलं. छान आहे. उद्या नीट बघते. पोरीला ताप आहे, मांडीवर झोपलीय, हात मोकळा नाही."

मी पंपाजवळच्या स्टुलावर बसून ते वाचलं. 'काळजी घे' असं लिहिलं. ते पुसलं. मग 'औषध दिलंस का?' असं लिहिलं आणि पाठवलं.

"दुकान घरचं आहे गं," ती म्हणाली. "दिलं."